मेस्त्रीचा हात आणि मागून येणारी गाडी

अस्थिरोगाच्या पाठ्यपुस्तकांत मनगटाजवळच्या एका विशिष्ट हाडमोडीला आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. ही दुखापत शोफरला गाडी चालवताना होत नसे, चालू करताना होई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटारींना पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन हातानं फिरवावं लागे. ठिणगी वेळेआधी पडली, म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधीच पेट्रोल पेटलं, की इंजिन उलटं फिरे आणि हँडलचा झटका अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडून जाई. त्यावर शोफर मंडळींनी स्वतःच उपाय शोधले. हँडल मारण्याआधी ठिणगीचं टायमिंग मागे घ्यायचं. अंगठा मुठीत वळवायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. हँडल वरून खाली दाबायचं नाही, खालून वर ओढायचं, म्हणजे उलटा झटका आलाच तर ते हातातून निसटून जाईल. पुढे १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगनं घडवलेला विजेचा स्टार्टर आला आणि निदान श्रीमंतांच्या शोफरांची मनगटं सुटली. आपल्याकडच्या जीपगाड्यांच्या आणि ट्रकच्या नाकात हँडलचं भोक त्यानंतरही कित्येक दशकं राहिलं आणि बॅटरी उतरली की ते वापरलंही जाई. अंगठा बाहेर ठेवायचा हा धडा त्यामुळे इथल्या दोन-तीन पिढ्यांनी गिरवला, आणि तो कुठल्याही छापील पुस्तकातून नव्हे.

मोटारीची किरकोळ दुरुस्ती सुरक्षितपणे कशी करावी हे ज्ञान आपल्याकडे कसं तयार झालं, ते कुठवर पुरलं आणि कुठे तोकडं पडलं, याचा माग काढला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. हे ज्ञान वाचलेल्यांनी आणि पाहणाऱ्यांनी घडवलेलं आहे. ज्या धोक्यातून माणूस मोडक्या हातानं का होईना परत येतो, किंवा ज्याचा बळी धंद्यातल्या माणसांच्या डोळ्यांदेखत जातो, त्या धोक्याबद्दल गॅरेजचं शहाणपण चोख असतं. जो धोका साक्षीदारच शिल्लक ठेवत नाही, किंवा वीस वर्षांनी दवाखान्यात उघड होतो, त्याच्यापुढे ते आंधळं असतं. आणि गेल्या पन्नास वर्षांत रस्त्याकडेच्या दुरुस्तीतला मुख्य धोका पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात सरकला आहे.

मुंबईत मोटार आली १८९८ च्या सुमारास. सोळा वर्षांनी, १९१४ मध्ये, देशभरासाठी मोटारगाड्यांचा पहिला कायदा झाला, आणि १९१९ मध्ये मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली. ही मालकांची संघटना. रस्त्यात बंद पडलेल्या सभासदाला मदत पोचवणं हे तिच्या कामांपैकी एक. पण मालक आणि गाडीचं बोनेट यांच्यामध्ये बहुधा पगारी ड्रायव्हर असे, आणि ट्रकवर ड्रायव्हरच्या हाताखाली क्लीनर. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करानं काढून टाकलेले ट्रक आणि जीप बाजारात आल्या, लष्करात गाडी चालवायला आणि खोलायला शिकलेले लोकही परतले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, महिंद्रांनी १९४७ पासून विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. एसटीनं आगारं आणि पुढे दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळा उभारल्या. तिथे शिस्त होती, कामाच्या पद्धती कागदावर होत्या. बाकी सगळा व्यवहार मात्र झाडाखालच्या गॅरेजात चाले. पोऱ्या पाने धुताधुता शिके, मेस्त्रीच्या शिव्या खाई आणि चार-पाच वर्षांनी स्वतः मेस्त्री होई.

या झाडाखालच्या विद्येला कमी लेखण्याचं कारण नाही. चाक बदलण्याचंच पाहू. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे, हे जाणत्या मेस्त्रीला सांगावं लागत नाही. नट आधी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक लावायचा. उलट केलं तर पान्याला दिलेला जोर गाडी जॅकवरून ढकलतो. तिरपं समोरचं चाक दोन्ही बाजूंनी दगडानं अडवायचं. चाक काढल्याबरोबर स्टेपनी गाडीखाली सरकवून ठेवायची, म्हणजे जॅक घसरला तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. गाडीखाली शिरायचं असेल तर लाकडी ठोकळे रचल्याशिवाय शिरायचं नाही. यांतला प्रत्येक नियम भौतिकशास्त्राच्या कसोटीवर उतरतो. वाहन कंपन्यांच्या पुस्तिकांत पुढे जे चित्रांसह छापलं गेलं त्यातलं बरंचसं या लोकांच्या हातांत आधीच होतं.

रेडिएटरचं उदाहरण याहून बोलकं आहे, कारण तिथे यंत्र बदललं आणि विद्येला त्याच्यामागे धावावं लागलं. जुन्या लॉऱ्यांच्या रेडिएटरमध्ये दाब नसे. घाटात पाणी उकळलं की झाकण उघडायचं, वाफ जाऊ द्यायची, डब्यातलं पाणी ओतायचं. वाफेचा चटका बसे, पण त्याहून मोठं काही घडत नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे दाबाखाली चालणारे रेडिएटर रुळले. झाकणानं सुमारे एक बार जादा दाब धरून ठेवला तर पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. इंजिनाला ते सोयीचं, उघडणाऱ्याला भयंकर. झाकण सुटताच दाब एकदम उतरतो, शंभराच्या वर तापलेलं पाणी त्याच क्षणी उकळतं आणि कारंज्यासारखं तोंडावर येतं. पहिल्या काही वर्षांत जुन्या सवयीनं झाकण उघडणाऱ्या किती जणांची तोंडं भाजली याची नोंद कुणी ठेवलेली नाही. पण ओलं गोणपाट टाकायचं, तोंड बाजूला धरायचं, झाकण अर्ध्या आट्यावर थांबवून वाफ जाऊ द्यायची, आणि शहाणा असेल तर आधी बिडी संपेपर्यंत बसायचं, हा क्रम सगळ्या घाटांच्या तोंडाशी पसरला तो भाजलेल्या चेहऱ्यांमुळेच. भाजलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येतो. तो स्वतःच सूचनाफलक असतो.

ट्रकच्या चाकाची रिंग हा त्याहून कठीण प्रकार. ट्यूब असलेल्या ट्रक टायरची डिस्क अनेक भागांची असते; टायर बसवून शेवटी पोलादी लॉकरिंग खाचेत ठोकतात आणि हवा भरतात. रिंग नीट बसली नसेल तर भरलेल्या हवेच्या दाबानं ती उडते, आणि वाटेत माणूस असेल तर तो वाचत नाही. अमेरिकेत १९८० साली कामगार सुरक्षेच्या नियमांत अशा चाकांसाठी पोलादी पिंजरा किंवा तसाच अडथळा सक्तीचा झाला. आपल्या महामार्गांवरच्या पंक्चरवाल्यांकडे पिंजरा क्वचित, पण चाक रिंगेची बाजू जमिनीकडे करून हवा भरणं, डिस्कच्या भोकांतून टॉमी आडवी घालणं, साखळी गुंडाळणं, लांब नळी लावून बाजूला उभं राहणं हे प्रकार सर्रास दिसतात. पिंजऱ्याची सर त्यांना नाही. तरीही धोका कुठल्या दिशेनं येतो हे त्यांना अचूक ठाऊक आहे. इथे कुणी म्हणेल की रिंग माणसाला जागीच मारते, मग वाचलेल्यांनीच ज्ञान घडवलं हे म्हणणं कसं टिकतं? टिकतं ते दुकानामुळे. रिंगेनं गेलेला माणूस दुकानात जातो. त्याचा पोऱ्या ते पाहतो, शेजारचा चहावाला पाहतो, आणि तेच दुकान दुसऱ्या दिवशी त्याच जागी उघडतं. मृत्यूला तिथे पत्ता असतो.

ज्या इजेला पत्ता नसतो तिथे हीच माणसं विलक्षण बेफिकीर असत. टाकीतलं पेट्रोल काढायला नळी तोंडात धरून ओढणं ही गॅरेजातली रोजची गोष्ट होती. चुकून घोट गेला तर चूळ भरायची, थुंकायचं, वर हसायचं. ते पेट्रोल शिशाचं होतं; शिसं असलेलं पेट्रोल देशभरात बंद व्हायला २००० साल उजाडलं. ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ड्रम उघडला की आतली धूळ हवेच्या नळीनं उडवण्याची पद्धत होती. ॲस्बेस्टॉसचे आजार वर येतात वीस-तीस वर्षांनी, तोवर मेस्त्रीनं धंदा मुलाकडे सोपवलेला असतो आणि खोकल्याचं खापर विडीवर फुटतं. हीच माणसं जॅकच्या बाबतीत काटेकोर आणि धुळीच्या बाबतीत बेपर्वा का, याचं उत्तर स्वभावात नाही. जी इजा कारणाला चिकटून दिसते ती शिकवते. जी कारणापासून वीस वर्षं लांब असते ती शिकवत नाही.

आता रस्त्याकडे वळू. बोरघाटातला गाडीरस्ता गव्हर्नर माल्कमच्या काळात १८३० मध्ये खुला झाला तो बैलगाड्या आणि पालख्यांसाठी. मोटारी आल्यावरही घाटातला वेग चढणीनं आणि वळणांनी ठरवलेला होता. बंद पडलेल्या ट्रकच्या चाकामागे दगड लावणं हे क्लीनरचं पहिलं काम. दुसरं काम मागे काही पावलांवर झाडाची फांदी आणि चार धोंडे मांडून ठेवणं. ही फांदी म्हणजे आपल्या रस्त्यांवरचा पहिला इशारा-त्रिकोण. माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत सबळ आक्षेप याच फांदीतून निघतो. रस्त्यावरच्या धोक्याचं भान धंद्याला नव्हतं असं कसं म्हणता, फांदी काय शोभेला होती?

भान होतंच, पण ते एका वेगाला बांधलेलं होतं. ताशी ४० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ताशी १०० नं येणारी जवळजवळ २८. ड्रायव्हरला समोरचं उमजून ब्रेकवर पाय जायला दोन सेकंद धरले तर पहिल्याची बावीस मीटर आणि दुसऱ्याची पंचावन्न मीटर नुसती पाय हलेपर्यंत संपतात. त्यापुढे ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे अडीच पट वेगाला सव्वासहा पट. शंभरच्या वेगातली गाडी एकूण शंभर मीटरच्या आत थांबली तर नशीब. पंधरा-वीस पावलांवरची फांदी घाटात पुरेशी होती. सपाट, सरळ, सहापदरी रस्त्यावर ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय काम झालं की फांदी आणि धोंडे तिथेच टाकून निघून जायची रीत. रात्री त्या धोंड्यांवरून जो दुचाकीवाला उलटला त्याचा आणि धोंडे ठेवणाऱ्या क्लीनरचा कधीच संबंध आला नाही. साक्षीदार तिथेही नव्हता.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, ९४.५ किलोमीटर, २००२ मध्ये पूर्ण खुला झाला आणि जुन्या विद्येचा हिशेब एका रात्रीत चुकला. जून २०१६ मध्ये पनवेलजवळ शेडुंगच्या परिसरात या मार्गावर थांबलेल्या दोन मोटारींवर पहाटे एक खासगी बस आदळली आणि १७ जण मरण पावले. एका मोटारीचं चाक पंक्चर झालं होतं आणि दुसरी मदतीला थांबली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. मदतीला थांबणं ही जुन्या रस्त्यावरची सर्वांत चांगली चाल. घाटात अडकलेल्याला पाहून न थांबणाऱ्या ड्रायव्हरला धंद्यात इज्जत नसे. तीच चाल या रस्त्यावर बळींची संख्या वाढवणारी ठरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ थांबलेल्या ट्रकवर मिनीबस आदळून १२ जण गेले. तो ट्रक बिघडून थांबलेला नव्हता, पण मागून येणाऱ्याला थांबण्याच्या कारणाशी देणंघेणं नसतं. या अपघातांतून धंद्याला काय शिकायला मिळालं? फारसं काही नाही. मेलेले वेगवेगळ्या गावचे, पाहणारे वाटसरू. क्रेननं गाड्या हलवल्या, काचा झाडल्या, दुपारपर्यंत रस्ता कोरा झाला. त्या जागी दुसऱ्या दिवशी उघडायला दुकान नव्हतं.

इंग्लंडात असे रस्ते आधी आले, आणि तिथली वाहतूक संहिता काय सांगते ते पाहण्यासारखं आहे. साध्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर किमान ४५ मीटर मागे त्रिकोण ठेवा असं ती म्हणते, पण मोटरवेवर त्रिकोण ठेवूच नका असंही बजावते. किरकोळ दुरुस्तीसुद्धा करू नका. रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दारानं उतरा, शक्य असेल तर कठड्यापलीकडे जा आणि मदतीची वाट पाहा. त्रिकोण ठेवायला मागे चालत जाणं हाच तिथे दुरुस्तीहून मोठा धोका ठरतो. शंभर वर्षांच्या हातकौशल्याचा शेवटचा नियम हात लावू नका असा निघावा, हे मेस्त्रीला अपमानास्पद वाटेल. पण तो नियम गॅरेजातून निघालेलाच नाही. तो पोलिसांच्या नोंदींतून, शेकडो अपघात एकत्र मांडल्यावर निघाला. ज्या मृत्यूंना पत्ता नसतो त्यांच्यापासून शिकण्याचा हा एकच मार्ग असतो: कुणीतरी ते मोजायला बसावं लागतं.

मग आपल्या सरकारनं काय केलं? कायदा होता. गाडी रस्त्यावर धोकादायक स्थितीत उभी करू नये हे कलम १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात होतं (कलम ८१) आणि १९८८ च्या कायद्यात ते जवळपास जसंच्या तसं आलं (कलम १२२). नव्या मोटारीसोबत इशारा-त्रिकोण द्यावा असा नियमही आहे. बहुतेक मालकांच्या डिकीत तो प्लास्टिकच्या वेष्टनातच असतो. पण १९८८ च्या कायद्यातलं कलम २०१ वाचावं, म्हणजे सरकारची नजर कुठे होती ते कळतं. बंद पडलेल्या गाडीनं रहदारीला अडथळा झाला तर तासाला ५० रुपयांपर्यंत दंड. २०१९ च्या दुरुस्तीनं दंडाची कमाल मर्यादा पाचशे झाली. बंद गाडी म्हणजे तुंबलेला रस्ता, एवढंच या कलमाला दिसतं. तिच्याखाली झोपलेला माणूस दिसत नाही. कारखाने अधिनियम १९४८ चा असला तरी विजेवर चालणाऱ्या जागेत किमान दहा माणसं असतील तिथेच तो मुळात लागू होई, म्हणजे झाडाखालचं गॅरेज त्याच्याही बाहेर. दंडाचा परिणाम असा होतो की अडकलेला ड्रायव्हर लवकर निघण्याची घाई करतो, आणि घाई हाच या कामातला सर्वांत जुना शत्रू.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो उडवून लावता येत नाही. कठड्यापलीकडे उभं राहून क्रेनची वाट पाहणं हा सल्ला ज्याच्या गाडीत टोमॅटो आहेत, ज्याचा मालक उशिराबद्दल भाडं कापतो, त्याला परवडत नाही. खरं आहे. पण याचा अर्थ सल्ला चुकीचा असा होत नाही. खर्च कुणी उचलायचा हा प्रश्न उरतो एवढंच. टोलच्या रस्त्यावर गस्त आणि क्रेन ही टोलमध्येच मोजलेली सेवा असायला हवी, आणि ती किती मिनिटांत येते ही गोष्ट रस्त्याच्या गुळगुळीतपणाइतकीच तपासली जायला हवी. तिसरा आक्षेप असा की यंत्राचे धोके संपलेले नाहीत: इंजिन बंद असताना आपोआप फिरू लागणारा विजेचा पंखा, विजेच्या मोटारींतल्या शेकडो व्होल्टच्या नारिंगी केबल. हेही मान्य. पण हे धोके गॅरेज जुन्याच वाटेनं शिकेल, कारण पंख्यात बोट अडकलेला माणूस ते इतरांना दाखवतो.

या सगळ्यात क्लीनर मात्र निसटला. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० नंतर मध्यमवर्गीय मालक स्वतः गाडी चालवू लागला, आणि गाडी क्वचित बिघडत असल्यामुळे शिकण्याचे प्रसंगही घटले. ट्रकवरही दुसरा माणूस परवडेनासा झाला. महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांनी २०२५ च्या संपात ज्या मागण्या मांडल्या त्यांत जड वाहनांवरची क्लीनरची सक्ती काढा ही एक होती. मागणी समजण्यासारखी आहे. कॅमेरे आणि सेन्सर आता बरंच काही पाहतात. ते रिव्हर्स घेताना पाहतात, लेन सुटताना पाहतात. गाडी बंद पडून ड्रायव्हर चाकाशी वाकलेला असताना मागे उभं राहून कंदील हलवणारं, आणि वेळ आली तर ‘पळ’ म्हणून ओरडणारं त्यांत कुणी नाही. मोटारींच्या बाबतीत २०२० च्या जुलैत नियम बदलला: ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनी न देता गाडी विकता येते. जॅक गेला, नट सैल करणं गेलं, गाडीखाली सरकवायचं चाकही गेलं. संचातला छोटा पंप मात्र चाकाशेजारी बसूनच लावावा लागतो, आणि पंक्चर उजव्या चाकाला असेल तर बसणाऱ्याची पाठ थेट रहदारीकडे असते.